पिशवी कशाची आहे ते आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणच्या प्रक्रिया मालाला परदेशात मोठी मागणी आहे, तरुणांनी निर्यातीकडे वळावं, अशा अर्थाची बातमी तुमच्या पेपरात वाचली. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण असल्या बातम्यांत आणि आंबा-काजूच्या मेळाव्यांतल्या भाषणांत एक गोष्ट कधीच येत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. माल चांगला आहे, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेचा) नंबर आहे, आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड काढलाय, कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, हापूसला २०१८ पासून आहे, सगळं आहे, तरी परदेशातला गिऱ्हाईक आता वेगळंच विचारतो. तो विचारतो, तुमचं पाकीट कशाचं बनलंय आणि रिकामं झाल्यावर ते आम्ही कुठल्या डब्यात टाकायचं, ते पाकिटावरच छापून पाठवा. आणि ह्या साध्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे पॅकिंग विकणाऱ्यालाही देता येत नाही.

आमचा घरचा छोटा कारखाना आहे, कोकम आगळ (कोकमाचा घट्ट रस), सोलं, आंबापोळी, फणसपोळी आणि काजू. फार मोठं काही नाही, सीझनला शेजारच्या बायका येतात, एरवी घरचीच माणसं. इटलीतल्या एका दुकानदाराने आमचा माल मागवला आणि रेट ठरल्यावर त्याचा मेल आला, त्यात मालाबद्दल एक ओळ आणि पॅकिंगबद्दल दोन पानं. तेव्हा कळलं की इटलीत २०२० च्या ११६ नंबरच्या डिक्रीने पॅकिंगवर पर्यावरणाची माहिती देणं सक्तीचं केलंय, मधे बऱ्याचदा पुढे ढकललं आणि शेवटी १ जानेवारी २०२३ पासून लागू केलं. गिऱ्हाइकाच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर दोन गोष्टी पाहिजेत, पॅकिंग कशाचं आहे त्याचा कोड, आणि ते कुठल्या कचऱ्यात टाकायचं त्याची सूचना. हे कोड युरोपने १९९७ सालीच ठरवलेले आहेत. पीईटी प्लास्टिकची बाटली म्हणजे १, एचडीपीई जातीचं प्लास्टिक म्हणजे २, कोरुगेटेड खोका म्हणजे पीएपी २०, पत्र्याचा डबा एफई ४०, बिनरंगी काच जीएल ७०, तागाची पिशवी टीईएक्स ६१. बाहेरच्या ट्रान्सपोर्टच्या खोक्याला नुसता कोड पुरतो.

वाचायला सोपं वाटतं ना? आता आगळाची बाटली समोर घ्या. बाटली पीईटीची, ठीक. झाकण कशाचं? एचडीपीई असेल नाहीतर पीपी हे दुसरं प्लास्टिक, दोन्ही दिसायला सारखीच. झाकणावर गळती होऊ नये म्हणून आम्ही जी पातळ श्रिंक स्लीव्ह चढवतो ती कशाची, ती पीव्हीसीची असते नाहीतर पीईटीच्याच एका प्रकाराची, आणि ह्या दोघांचा कोड वेगळा. झाकणाच्या आत पांढरी चकती असते ती वेगळीच. इटलीचा नियम असा की हाताने जे जे वेगळं निघतं त्या प्रत्येकाचा कोड द्यायचा, हवं तर सगळे एकत्र बाटलीच्या लेबलवर लिहा पण द्या. म्हणजे एका आगळाच्या बाटलीला तीन-चार कोड, आणि त्यातला छातीठोकपणे आम्हाला एकच माहीत, कारण तो बाटलीच्या बुडाला उमटवलेला असतो.

आंबापोळीचं पाकीट तर त्याहून कठीण. ते चकचकीत चंदेरी, वर छपाई. कात्रीने कापून कड अंगठ्याने चोळत राहिलं की पापुद्रे सुटतात, वरचा छापील थर वेगळा, मधला चंदेरी वेगळा, आतला मऊ वेगळा. आता तो मधला चंदेरी खरा ॲल्युमिनियम फॉइल आहे की प्लास्टिकवर नुसता चंदेरी मुलामा दिलेला, मेटलाइज्ड, ह्यावर सगळा कोड बदलतो. फॉइल असेल तर प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचं कंपोझिट, म्हणजे एकत्र चिकटवलेलं, म्हणून ९० नंबर लागतो, मेटलाइज्ड असेल तर त्यात ॲल्युमिनियम नावालाच, ते प्लास्टिकमध्येच धरतात आणि ७ नंबर होतो. आमचे यजमान पाकीट बल्बसमोर धरतात, मेटलाइज्डमधून बल्ब अंधुक दिसतो, फॉइलमधून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि फॉइलला घडी घातली की घडी तशीच राहते. आतला थर ओळखायला तुकडा पेटवून वास घ्यायचा, मेणबत्तीसारखा वास आला तर पॉली, म्हणजे पॉलिथिन. हे आमचं टेस्टिंग! ह्याच्या जोरावर आम्ही परदेशी सरकारने मागितलेली माहिती छापायची.

मग पाऊच विकणाऱ्याला विचारा म्हणाल. विचारलं. तो म्हणतो, "बाय, वरसून येता ता मी इकतंय, फूड ग्रेड आसा, तुका आजून काय व्हया?" त्याचंही बरोबर आहे, त्याला होलसेलवाला सांगत नाही, होलसेलवाल्याला कारखानदार सांगत नाही, आणि बिलावर काय तर 'सिल्व्हर पाऊच, अर्धा किलो'. थर किती, कुठले, किती मायक्रॉनचे (म्हणजे किती जाड), काही नाही. माझी खरी तक्रार इथे आहे. नियम करणाऱ्या देशांवर मी फार रागावलेली नाही, त्यांच्या घरी कचरा येणार, त्यांनी विचारलंच पाहिजे. पण लेबल म्हणजे शेवटची पायरी झाली, त्याच्या आधी साखळीतल्या प्रत्येकाने आपण काय विकतोय ते लिहून द्यायला हवं, आणि ते लिहून द्यायची आपल्याकडे पद्धतच नाही. सगळा भार येऊन पडतो पाकीट भरणाऱ्यावर, म्हणजे ज्याला त्यातलं सगळ्यात कमी कळतं त्याच्यावर.

आणि देश तरी एक आहे का. फ्रान्सला वेगळंच, तिथे ट्रिमॅन नावाचं चिन्ह आणि त्याच्या शेजारी कुठला भाग कुठल्या डब्यात ते चित्रातून सांगणारी पट्टी, इन्फो-ट्री म्हणतात, ही २०२२ पासून सक्तीची, जुना साठा संपवायला ९ मार्च २०२३ पर्यंत मुदत दिली होती. त्यातून पेयांच्या काचेच्या बाटल्यांना सूट. युरोपियन कमिशननेच २०२३ मध्ये फ्रान्सला नोटीस काढली की तुमच्या ह्या वेगळ्या चिन्हामुळे व्यापाराला अडथळा होतो, म्हणजे त्यांचं त्यांच्यात पण जमत नाही, आपल्याला थोडं बरं वाटतं एवढंच. स्पेनने १ जानेवारी २०२५ पासून घरगुती पॅकिंगवर कुठला डबा ते लिहायला लावलं. जर्मनीत अशी चिन्हांची सक्ती नाही पण तिथे लुसिड नावाचं रजिस्टर आहे, पॅकिंगसकट माल बाजारात आणणाऱ्याने त्यात नाव नोंदवायचं आणि कचरा उचलण्याचे पैसे भरायचे. हे २०१९ पासून आहे, आणि १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन विकणाऱ्या साइटनाही तपासायला लावलंय की विकणाऱ्याची नोंदणी आहे की नाही.

हे जर्मनीचं मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे बऱ्याच जणी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन थेट पार्सल पाठवतात. जर्मनीतल्या भाच्याला लाडू-कुळीथपीठ पाठवलं तर तो काही धंदा नाही. पण भाच्याच्या ओळखीतल्यांनी पैसे देऊन मागवायला सुरुवात केली आणि मधे तिकडचा कोणी आयातदार नाही, तर कायद्याच्या नजरेत तुम्हीच विकणारे, आणि तिथे अमुक किलोच्या खाली माफ असं नाही, पहिल्या पाकिटापासून लागू. दंड दोन लाख युरोपर्यंत होऊ शकतो. कुणाला इतका होईल असं नाही, पण साइटवरून माल काढून टाकतात ते नक्की.

गंमत बघा, सौदीला ठराविक पातळ प्लास्टिक ऑक्सो-बायोडिग्रेडेबल, म्हणजे लवकर तुटावं म्हणून वेगळं द्रव्य घातलेलंच पाहिजे आणि त्यावर तसा लोगो पाहिजे. युरोपात तेच ऑक्सोवालं प्लास्टिक विकायलाच जुलै २०२१ पासून बंदी आहे, कारण ते कुजत नाही, नुसतं बारीक बारीक तुकडे होऊन मातीत-पाण्यात राहतं. म्हणजे आखातात आणि युरोपात दोन्हीकडे माल जाणाऱ्याने एकच पिशवी वापरायची म्हटलं तर दोन्हीपैकी एकीकडे अडकणार.

छपाईचं गणित सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. छापील पाऊचला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनवावा लागतो, पाच-सहा रंग म्हणजे पाच-सहा सिलिंडर, आणि मग किमान इतके किलो माल उचलायचाच. एक चिन्ह बदललं की तो सिलिंडर भंगारात. मोठ्या कंपनीला हे काही नाही, आमच्यासारख्याचं वर्षाचं मार्जिन त्यात जातं. म्हणून आम्ही साध्या पाऊचवर स्टिकर लावतो, आणि फ्रीजमधून काढलेल्या आगळाच्या बाटलीवरचा स्टिकर दमट हवेत कसा सुटतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

बरं, आमचा डिझाइन करणारा मुलगा हुशार आहे पण त्याच्याकडे कोरलड्रॉमध्ये 'सिम्बॉल' म्हणून एक फाइल आहे आणि त्यात सगळं एकत्र पडलंय, शाकाहारीचा हिरवा ठिपका, कचरापेटीत कागद टाकणारा माणूस, बाणांचा त्रिकोण, दोन बाण गुंतलेला हिरवा गोल. जागा उरली की तो ह्यातलं काहीतरी टाकतो, म्हणे प्रोफेशनल दिसतं. तो हिरवा गोल म्हणजे जर्मनीचा ग्रीन डॉट, त्याचा अर्थ हे पाकीट रिसायकल होतं असा मुळीच नाही, त्याचा अर्थ कोणीतरी ह्या पॅकिंगच्या कचऱ्याचे पैसे भरलेत, आणि तो ट्रेडमार्क आहे, परवान्याशिवाय छापता येत नाही. आणि तो त्रिकोणातला आकडा? तो अमेरिकेतल्या प्लास्टिकवाल्यांनी १९८८ साली काढला, प्लास्टिकची जात सांगायला, पण तीन बाण बघून सगळं जग समजतं की हे परत वापरात येणार. त्यावरूनच कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला, एसबी ३४३, की राज्यात खरोखर गोळा होऊन रिसायकल होत नसेल त्या वस्तूवर बाण छापायचे नाहीत.

तसंच ते हिरवं पान आणि 'इको-फ्रेंडली'. आपल्याकडे हल्ली कशावर नसतं ते सांगा, तागाच्या पिशवीच्या आत प्लास्टिकचं अस्तर आणि बाहेर पान! फ्रान्समध्ये पाकिटावर 'बायोडिग्रेडेबल' किंवा 'पर्यावरणस्नेही' असं मोघम लिहायलाच बंदी आहे. सगळ्या युरोपात पुराव्याशिवाय असले शब्द वापरायला मनाई करणारा निर्देश २०२४ मध्ये मंजूर झालाय, तो लागू होण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६. आणि आपण मागे नाही, आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्यात, दावा केलात तर पुरावा दाखवा म्हणून. हे सूचनापत्र आमच्या भागातल्या किती प्रिंटिंगवाल्यांनी बघितलंय देव जाणे.

आता थोडी चांगली बातमी. युरोपने सगळ्या देशांना मिळून एकच पॅकिंग कायदा केलाय, २०२५ चा ४० नंबरचा रेग्युलेशन. तो ११ फेब्रुवारी २०२५ ला अमलात आला, बहुतेक कलमं लागू होण्याची तारीख १२ ऑगस्ट २०२६. त्यात सगळ्या युरोपला एकच चिन्हांचं लेबल येणार आहे, लवकरात लवकर १२ ऑगस्ट २०२८ पासून, आणि मग देशोदेशीची वेगवेगळी चिन्हं जाणार. म्हणजे आज कोणी इटली-फ्रान्सच्या चिन्हांसकट नवे सिलिंडर बनवत असेल तर माझ्या मते थांबा, पाकिटाच्या मागच्या बाजूला एक पांढरी चौकट मोकळी ठेवा आणि देशाप्रमाणे त्यात स्टिकर लावा, निदान लेबलं एक होईपर्यंत.

पण लेबल एक झालं म्हणून आमचा मूळ प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. ह्याच कायद्यात पॅकिंग बनवणाऱ्याकडून कागदपत्रं लागणार, शिसं, कॅडमियम, पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम मिळून १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) आत आहेत का, खाद्यपदार्थाला लागणाऱ्या पॅकिंगमध्ये पीएफएएस नावाची तेल-पाणी रोखणारी रसायनं मर्यादेत आहेत का. शाईत काय आहे, तेल न झिरपणाऱ्या कागदाला काय लावलंय, हे मी पेटवून आणि बल्बसमोर धरून कसं सांगणार? कायद्याने ही जबाबदारी तिकडच्या आयातदारावर वगैरे आहे हे खरं, पण तो एक मेल टाकतो की हे भरून पाठवा, नाहीतर दुसरीकडून घेतो. झालं.

इथे काही लोक नेहमी म्हणतात की हे सगळे युरोपचे चोचले, आपल्याला काय करायचंय, आपण मुंबई-पुण्याला विकू. त्यांनी जरा आपले नियम बघावेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ पासून आहेत, मल्टिलेयर (अनेक थरांच्या) पॅकिंगवर बनवणाऱ्याचं नाव आणि नोंदणी नंबर असायला हवा असं त्यात तेव्हापासून लिहिलंय. जानेवारी २०२५ च्या दुरुस्तीने तर १ जुलै २०२५ पासून ही माहिती बारकोड, क्यूआर कोड अशा मार्गाने द्यायची सोयही केली. बाजारातून सुटे आणलेले चंदेरी पाऊच उलटसुलट करून बघा, काही सापडतं का. सापडलं तर मला कळवा, मी त्याच्याकडूनच घेईन.

आणि हा प्रश्न फक्त माल विकणाऱ्याचा नाही. आमच्या वेंगुर्ल्यात नगरपरिषदेने कचरा डेपोचं पर्यटनस्थळ करून दाखवलं, बाहेरगावची माणसं बघायला येतात, कचरा हाताने वेगळा करतात, जे थोडं प्लास्टिक रस्ता बनवायला वापरता येतं ते बारीक करतात. तिथे टेबलावर काम करणाऱ्या बायकांच्या हातात चिप्सची, मसाल्याची, आमच्यासारख्यांच्या पोळीची पाकिटं येतात तेव्हा त्यांनाही हेच बघायचं असतं की हा तुकडा कशाचा. मिलानमधल्या बाईला पाकिटावर वाचून जे कळणार ते वेंगुर्ल्यातल्या बाईला का कळू नये? पावसाळ्यात उधाणाबरोबर किनाऱ्यावर जे प्लास्टिक येऊन पडतं त्यात चंदेरी पाकिटं किती असतात ते सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी सांगावं. ती भंगारवाला हातात पण घेत नाही.

तर मागणी काय. पहिली पॅकिंगवाल्यांकडे. पाऊच, बाटली, झाकण, स्लीव्ह, जे काय विकता त्याच्या बिलावर किंवा सोबतच्या एका कागदावर थर, मटेरियल आणि मायक्रॉन लिहून द्या, सही-शिक्क्यासकट. हे गुपित नाही, तुमच्या कारखान्याला रोल मागवताना हीच ऑर्डर द्यावी लागते, 'बारा मायक्रॉन पीईटी, मेटपेट (मेटलाइज्ड पीईटी), पन्नास पॉली' असं बोलूनच रोल येतो, मग खाली येईपर्यंत ती माहिती कुठे गळते?

दुसरी जिल्हा उद्योग केंद्र आणि अपेडा ह्या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेकडे. मेळाव्यात निर्यात कशी करावी ह्यावर तास-तास भाषणं होतात, त्यातला एक तास पॅकिंगच्या लेबलला द्या, मराठीत, पाकिटं हातात घेऊन. नियम दर सहा महिन्यांनी बदलतात, आम्ही प्रत्येकाने वेगवेगळं इंटरनेट धुंडाळायचं आणि कन्सल्टंट सांगेल ते पैसे मोजायचे हे परवडत नाही. कोणत्या देशाला आज काय लागतं एवढा एक कागद, तारखेसकट, उद्योग केंद्राच्या फलकावर लागला तरी पुष्कळ.

तिसरी तपासणीची. मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, १९६६ पासूनची संस्था, तिथे तपासणी होते. पण देवगड-वेंगुर्ल्याहून दर पाकिटाचा नमुना घेऊन कोण जाणार. एफटीआयआर नावाचं मशीन असतं, प्लास्टिकच्या थरावर प्रकाश टाकून तो कशाचा आहे ते काही मिनिटांत सांगतं, रसायनशास्त्राच्या चांगल्या प्रयोगशाळांतून असतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने किंवा इथल्या एखाद्या कॉलेजने महिन्यातून एक दिवस ठरवून, रीतसर फी घेऊन, आमच्या पाकिटांचे तुकडे तपासून द्यावेत. विद्यार्थ्यांनाही खरं काम मिळेल, नुसती जर्नल भरण्यापेक्षा.

आंबेवाल्यांना ह्यातलं बरंच ओळखीचं वाटेल. १ मे २०१४ ला युरोपने भारताचा आंबा बंद केला तेव्हा सगळे दचकले, मग प्रक्रिया, पॅकहाउस, तपासणी सगळं उभं राहिलं आणि २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. निर्यातीच्या लाकडी पेटीला ५६ डिग्रीला तीस मिनिटं तापवल्याचा शिक्का लागतो हे आता गावचा सुतारही सांगेल. तेव्हा बंदी आल्यावर धावपळ झाली, पॅकिंगच्या बाबतीत बंदी कोणी जाहीर करणार नाही, फक्त ऑर्डर येणं कमी होईल आणि आपल्याला वाटेल मालाला उठाव नाही.

पाऊचच्या ऑर्डरी साधारण पावसाळ्यात जातात, दिवाळीच्या आधी पाकिटं हातात लागतात. त्यामुळे कोकम, काजू, पोळीवाल्या सगळ्यांना माझं सांगणं की ह्या वेळची ऑर्डर देताना थरांची नोंद बिलावर मागाच, दोघी-तिघींनी मिळून मागितली तर दुकानदार वर फोन करतो हा अनुभव आहे. आणि नाहीच म्हणाला तर वसई, भिवंडी, कोल्हापूर, दमण, पाऊच बनवणारे काय कमी नाहीत, लेखी देणारा शोधा आणि चार पैसे जास्त गेले तरी त्याच्याकडून घ्या.

आपली,
एक वाचक, कोकम-काजू प्रक्रिया उद्योग
वेंगुर्ले तालुका, जि. सिंधुदुर्ग